वास सांगा, बाई

एकाच कुंडीची द्राक्षबाग करणारा माणूस नाशकात एकच झाला, आणि तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. कुंडीत द्राक्षं नव्हती, लेमन व्हर्बेना होती, हा त्यांच्या दृष्टीने किरकोळ फरक. समोरच्या बाईंचे ते मामा, म्हणून सगळ्या सोसायटीचे मामा. दिंडोरीकडे चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या द्राक्षबागा छाटल्या, त्यांवर औषध मारलं, छाटणीच्या टोळीचे मुकादम झाले. गुडघे गेले तेव्हा भाचीने त्यांना शहरात आणलं. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, आणि भाचीची नोकरी दिवसभराची. म्हातारा माणूस भिंतीकडे बघत बसायला नको, म्हणून तिने नर्सरीतून एक रोप आणून दिलं. याचं पान चहात टाकलं की लिंबासारखा वास येतो, असं नर्सरीवाल्याने तिला सांगितलं होतं. मामांनी रोप चारी बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "जात नवी दिसती. माल कवा येतो?"

माल येत नाही, नुसती पानंच येतात, हे ऐकून त्यांना रोपाची दयाच आली असावी. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या सेवेला लागले. सकाळी कुंडी गॅलरीत, दुपारी जिन्याच्या खिडकीत, संध्याकाळी पुन्हा गॅलरीत; ऊन जिकडे जाईल तिकडे कुंडी, कुंडीमागे मामा. खालची माती रोज बोट खुपसून बघायची आणि कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. "मुळ्या पाण्यात ठेवल्या की झाड सडतं. मानसासारखंच हाय," असं म्हणून ते बोट धोतराला पुसत. धोतर भाची धुवायची, त्यामुळे हा शास्त्रार्थ तिला फारसा पटत नसे.

पण मामांची खरी हौस वेगळीच होती. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते एक पान चोळून ठेवत आणि म्हणत, "सांगा, कसा वास येतो?" कुरिअरवाला, दूधवाला, मतदारयादीवाला, कुणी सुटलं नाही. 'छान' हे उत्तर चालायचं नाही. "छान? छान हा काय वास हाय का? छान फोटूला म्हनत्यात!" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा "भांड्याच्या साबणासारखा" असं प्रामाणिकपणे सांगितलं. मामा त्यांच्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. काकू लिफ्टमध्ये असल्या तर ते त्या गुडघ्यांनिशी जिना चढायचे. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली, तेव्हा माझ्याकडून अपेक्षा मोठी. "तुमी बाई हाय, तुमाला नाय सांगता येनार तर कुनाला?" मग मी रोज नवं काही सांगायची. लहानपणी फ्रॉकच्या खिशात चिकटून बसलेल्या लिंबाच्या गोळीचा. सरबत पिऊन झाल्यावर रिकाम्या पेल्यात राहतो तसा. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मान डोलवायचे. मला वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय.

ऑक्टोबर आला आणि मामांनी कात्री काढली. द्राक्षाच्या दोन छाटण्या, एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की हात थांबेनाच. भाचीने मोबाइलवरून वाचून दाखवलं, की थंडीच्या तोंडावर हे झाड छाटू नये. कोवळी फूट थंडीत जळते. मामांनी शांतपणे विचारलं, "मोबाइलनं किती बागा छाटल्या आजवर?" आणि प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटण्याच्या दोन जागांवर, आणून ठेवली.

फूट मात्र झकास आली. दिवाळीनंतर एका दुपारी मी दार उघडलं तर जिन्यात गॅसचा वास भरून राहिला होता. मामांच्या घरातूनच येत होता. मी बेल वाजवली. मामा हसत दार उघडून उभे, हातात कोवळं पान. "आलात? सांगा बघू कसा..." मी त्यांना ढकलून आत धावले. शेगडीचं बटण चालू होतं, वर पातेलं, ज्योत विझलेली. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि वळून बघितलं, तर मामांचा चेहरा पडलेला.

"नाकाचं काम कवाच संपलंय, बाई," ते म्हणाले. "औषध मारून मारून. मामी होती तवा ती सांगायची. भाजी करपली, फुलोरा आला, पाऊस येतोय, समदं तीच सांगायची. भाचीला बोलू नका. ती मला एकटं ठेवायची नाय, नोकरी सोडंल बिचारी."

मी नाही बोलले. आजही ते मला खुपतं.

डिसेंबरात कडाका पडला आणि मामांची कोवळी फूट काळवंडू लागली. बागेवरचा उपाय त्यांना ठाऊक होता. थंडी पडली की बागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा. त्यांनी गॅलरीत घमेल्यात ओला पाला पेटवला. धूर किती झाला हे ज्याच्या नाकाला कळत नाही त्याने तो केला, त्यामुळे तो झकास झाला. चेअरमनसाहेबांनी अग्निशमन दलाला फोन केला. गाडी आली, जवान धावत वर आले, आणि मामांनी त्यांतल्या एकाच्या हातात उरलंसुरलं पान ठेवून विचारलं, "सांगा सायेब, कसा वास येतो?"

"धुराचा," तो म्हणाला. सगळी सोसायटी हसली. मीही हसले.

धुराने म्हणा, थंडीने म्हणा, मामांची छाती भरली ती भरलीच. झाडाची सगळी पानं गळली. नुसत्या काड्या उरल्या. संक्रांतीनंतर मी भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. "लेमनचं एक पान आना, बाई," ते म्हणाले. पान एकही नाही हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी खाली गेले आणि सोसायटीच्या लिंबाचं एक पान तोडून आणलं. यांना कुठे वास येतोय, असा हिशेब मी मनात केला, त्याची लाज वाटते. मामांनी पान दोन बोटांत धरलं, सावकाश चोळलं आणि डोळे मिटले. "सांगा."

मी सांगत गेले. गोळी सांगितली, सरबत सांगितलं, कडक उन्हात वाळलेल्या सुती साडीची घडी सांगितली. न येणारा वास मी अगदी मन लावून सांगितला. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेमनचं पान खरबरीत असतं, बाई," ते हळूच म्हणाले. "हे गुळगुळीत हाय. पन वास बरूबर सांगितला तुमी." मग म्हणाले, "काडी नखानं खरवडून बघा. आत हिरवी निघाली तर बाग मेली नाय."

चार दिवसांनी मामा गेले. महिन्याभराने भाची ती काटकी कुंडीसकट टाकून द्यायला निघाली होती. मी नख लावून बघितलं. आत हिरवं होतं. कुंडी मी माझ्या गॅलरीत आणली, ऊन जाईल तिकडे सरकवत राहिले. गुढीपाडव्याच्या आसपास डोळे फुटले, मग तीन-तीनच्या जुडीने पानं आली, खरबरीत.

पहिलं पान तोडायला हात होईना. शेवटी तोडलं, चोळलं, नाकाशी धरलं. मामांना ऐकवायची किती उत्तरं मनात जमवून ठेवली होती! त्यातलं एकही ओठांवर येईना. भाची कामावर गेलेली, समोरच्या दाराला कुलूप. त्या दाराकडे बघून मी एवढंच म्हणू शकले, "छान येतोय, मामा."