पाण्याच्या वाटेवरचं गाणं

उमेळ्यात वसुंधरा पेडणेकर म्हटलं तर शेजारचाही जरा विचारात पडे. मिक्सिंगवाल्या बाई म्हटलं की रिक्षावाला न विचारता बिल्डिंगच्या फाटकाशी आणून सोडी. नवरा सदानंद लग्नांचं शूटिंग करायचा आणि वसुंधरा घरी बसून ते कापायची, जोडायची, वर गाणी चढवायची. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. तिसरी शिट्टी झाली की नवरी पडद्यावर तशीच अर्धी वाकलेली सोडून उठायचं.

नवरी आली की मध्येच सिनेमातली नायिका जिना उतरताना दाखवायची. नवरा हसला की बर्फाचे डोंगर. वर पुन्हा त्याच सिनेमाचं गाणं. लग्न देवळातलं असो की चर्चमधलं, चार ठिकाणी सिनेमा नसला तर गिऱ्हाईक म्हणे, "बाई, सुकं सुकं वाटतं." वसुंधराला स्वतःला ते सगळं कधीचं नकोसं झालं होतं. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पण हात चालायचे.

२००९ च्या मे महिन्यात क्लेमेंटीन आली तेव्हा वसुंधरा कोकम पिळत होती. काळ्या कपड्यांत ती आणखीच बारीक दिसत होती. आठ वर्षांपूर्वी तिच्याच लग्नाची कॅसेट वसुंधराने केली होती. आता तिची आई, पॉलिन, गेली होती.

"वसुताई, आलोशियसला येता नाही आलं," क्लेमेंटीन म्हणाली. भाऊ कॅनडात. त्याचे कागद अडकलेले. तिथून निघाला तर परत घेतील की नाही याची खात्री नाही. "लग्नालाही नव्हता, मातीलाही नाही. रोज फोन करतो आणि एकच म्हणतो, मम्मीचं गाणं ऐकव. रविवारी चर्चमध्ये तिच्या महिन्याचा मिस्सा आहे. त्याच्या आधी तुम्ही तेवढं इंटरनेटवर टाकाल?"

कुठलं गाणं ते विचारावं लागलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका विहिरीचं पाणी आणायला निघतात, पुढे बँड, मागे गाणी. क्लेमेंटीनच्या वेळी पॉलिन सगळ्या बायकांच्या पुढे होती. लुगड्याचा काष्टा, डोक्यावर कळशी, आणि तोंडाने नवरदेवाच्या आईची थट्टा.

"टाकते," वसुंधरा म्हणाली. "त्यात काय!"

क्लेमेंटीनच्या कॅसेटवरून उतरवून ते वर चढायलाच अख्खा दिवस गेला. संध्याकाळी बघितलं तर व्हिडिओच्या जागी करडी चौकट आणि खाली इंग्रजी ओळी. सिनेमाच्या कंपनीने हक्क सांगितला होता. तक्रार असेल तर कारण निवडा म्हणून खाली चारपाच पर्याय होते. त्यातला एक 'योग्य वापर' असा काहीसा होता. वसुंधराला तो आवडला. आपण सिनेमा थोडाच विकला होता? चार सेकंदांचा जिना. तो पर्याय दाबण्याआधी तिने दिराला फोन केला. परेश वसईला वकिलाच्या ऑफिसात होता.

"योग्य वापर म्हणजे वहिनी, तुम्ही त्या सिनेमाचं परीक्षण केलंत, चिरफाड केलीत, शिकवायला दाखवलात, तर थोडा घेता येतो. तुम्ही काय परीक्षण केलंत? नवरीचं?"

"चावटपणा नको. लग्नात बँडवाले वाजवतातच की तीच गाणी."

"वाजवू देत. लग्नात वाजवायला कायदा आड येत नाही. तुम्ही ते उचलून व्हिडिओत चिकटवलंत, ते वेगळं."

"मग इतकी वर्षं कोणी कसं बोललं नाही रे?"

"कॅसेट कपाटात होती. लोकांच्या कपाटात कोण डोकावतो? आता तुम्ही ती चव्हाट्यावर टांगलीत."

वसुंधराने पर्याय दाबला नाही. खोटं लिहायचाही कंटाळा असतो. तिने जिना कापला, डोंगर कापले, विहिरीची वाट तेवढी ठेवली आणि पुन्हा चढवलं. या वेळी चित्र राहिलं. आवाज मात्र त्यांनी बंद केला. गाण्यावरही कंपनीचाच हक्क होता.

पॉलिन चालत होती. कळशी डुलत होती, तोंड उघडत होतं, मिटत होतं. वसुंधरा ते बघत बसली. कंपनीने बंद केला तो नायिकेचा आवाज होता. पॉलिनचा तिथे नव्हताच. तो आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः शून्यावर आणून ठेवला होता, वर गाणं नीट बसावं म्हणून. सगळ्याच लग्नांत ठेवायची.

"मूळ टेप कुठंय हो?" तिने सदानंदला विचारलं.

सदानंद गुडघ्याला मलम चोळत होता. "आठ वर्षांपूर्वीची? तिच्यावर चांदीपचं लग्न घेतलं. मग सातिवलीच्या गाळ्याची पूजा. मग फीत खराब झाली, फेकली. तूच म्हणायचीस ना, घरात कॅसेटी नकोत, झुरळं होतात."

"झुरळं होतातच," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली. मोलकरीण घासून गेली होती, तरी.

शनिवारी क्लेमेंटीन आली. वसुंधराने चहा ठेवला नाही. आधी सांगून टाकलं. आवाज नाही. कुठेच नाही. मी काढला.

क्लेमेंटीनने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "तुम्ही नाही. मीच सांगितलेलं. बायकांचा गलका नको, हिंदी घाला म्हणून. सासरचे मुंबईचे. मला लाज वाटत होती. वाटलं, तुमच्याकडच्या मूळ टेपवर तरी तिचा आवाज असेल."

वसुंधराला ते आठवत होतं. तिने आठवत नसल्यासारखं केलं.

"मम्मीने कॅसेट बघितली तेव्हा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझ्या तोंडातून ही कोण भवानी बोलते?" क्लेमेंटीन हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग रडू. वसुंधराने पंखा वाढवला. दुसरं काय करणार?

तोंड पुसायला पदर नव्हता म्हणून क्लेमेंटीनने वसुंधराचा टॉवेल घेतला. पडद्यावर पॉलिन पुन्हा पहिल्यापासून निघाली. क्लेमेंटीन तिच्या तोंडाकडे बघत हळूच गुणगुणली. शब्द ओठांवर बरोबर बसले.

"थांब," वसुंधरा म्हणाली. तिने खणातून माईक काढला, पंखा बंद केला, दार लोटलं. "पहिल्यापासून म्हण."

क्लेमेंटीन म्हणाली. आवाज बसका होता, आईसारखा मुळीच नाही. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली. पडद्यावर पॉलिनचं तोंड चालूच होतं. मागच्या बायका हसत होत्या, म्हणजे थट्टा आता कुठे रंगात आली होती.

"पुढे?"

"पुढचं मला येत नाही."

"मावशी कोणी?"

"एक होती. नंदाखालची. ती मम्मीच्या आधी गेली."

घाम गळत होता. तीनदा केलं, तिन्ही वेळा दोनच ओळी. शेवटी वसुंधराने त्या दोन जागच्या जागी बसवल्या आणि पुढचं तसंच मुकं ठेवून वर चढवलं. ती चौकटीची वाट बघत होती. चौकट आली नाही. या गाण्यावर कुठल्याच कंपनीने हक्क सांगितला नाही.

रविवारी मिस्साहून आल्यावर क्लेमेंटीन वसुंधराकडेच आली. तिथेच आलोशियसचा फोन आला. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"सुरुवातीला तू म्हणतेस ना? कळलं मला. पण पुढे बंद का केलं? मम्मी तर अजून गातेय."

"पुढचं तुला येतं?" क्लेमेंटीनने विचारलं.

तिकडे कोणीतरी नळ सोडल्याचा आवाज आला.

"येत असेल तर सांग," क्लेमेंटीन म्हणाली. "वसुताई बसल्यात इथे. अजूनही घालून देतील."