डाव्या बाजूची खाच

विठोजी निपाणीहून बंगळूरला आला आणि खगोलशास्त्राच्या एका संस्थेत आरेखक म्हणून लागला. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. शास्त्रज्ञांचे आलेख तो ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा, मग ते परदेशी नियतकालिकांत छापून यायचे. त्याच्या रेषेला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

१९९१च्या दिवाळीपासून मात्र त्याचा उजवा हात थरथरू लागला. हेब्बाळच्या घरी कपबशी वाजली की बायको बघायची. संस्थेत त्याने ताकास तूर लागू दिली नाही. खोलीचं दार लावून काम करायचा. शेजारी आलेख काढणारं यंत्र येऊन पडलं होतं, अजून खोक्यातच. त्या खोक्यावरून जाताना तो मान वळवायचा नाही.

मार्चमधल्या एका दुपारी शुभदा आली. पुण्याची मुलगी, संशोधनाचं तिसरं वर्ष. तिने तिचा मूळ आलेख आणि विठोजीचं ट्रेसिंग शेजारी ठेवलं.

"अण्णा, इथली खाच कुठे गेली?"

मूळ कागदावर एक उंच शिखर होतं आणि त्याच्या डावीकडे खोल खाच. विठोजीच्या रेषेत खाच नव्हती. मूळ कागद परत दिल्यावर ट्रेसिंग तपासताना ती खाच त्याला दिसली होती. आपलाच हात हलला असं समजून त्याने ब्लेडने शाई खरवडली होती.

"स्वल्प शाई पसरली होती," तो म्हणाला. "साफ केली."

"माझा प्रबंधच साफ केलात की!" ती हसली, पण डोळे कागदावरच होते. "त्या दीर्घिकेच्या मध्यातून वायू बाहेर फेकला जातोय, सेकंदाला हजारो किलोमीटर. आपल्या दिशेने येणारा वायू मागचा प्रकाश गिळतो, म्हणून ही खाच. ती गेली तर माझ्या हातात काय उरलं?"

"आपल्या दिशेने?"

"घाबरू नका, पोचायचा नाही. माझे मार्गदर्शक सर उद्या नियतकालिकाला पाकीट पाठवणार आहेत. आत्ताच नवीन काढून द्या. मी बसते इथेच."

विठोजीने मूळ आलेखावर नवा ट्रेसिंग पेपर लावला. एकोणीस वर्षांत रेषा काढताना त्याच्यासमोर कुणी बसलं नव्हतं.

शिखर झालं. खाचेत पेन खाली गेलं, वर आलं, झकास. त्याने अडवलेला श्वास सोडला. आणि उजवीकडे, जिथे रेषा सरळ जायची, तिथे पेन आपोआप खाली घसरलं.

शुभदाने मूळ कागद ओढून पाहिला. "इथे तर काहीच नाहीये, अण्णा." मग तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याने हात टेबलाखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"कधीपासून?"

"दिवाळी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी हळू विचारलं, "दिवाळीपासून किती आलेख काढलेत?"

विठोजीने वही उघडली. तेवीस. त्यातले तीन छापूनही आले होते. ब्लेड कुठे कुठे चालवलं, हे मात्र त्याने कधी लिहून ठेवलं नव्हतं.