मामांनी शड्डू ठोकला

माझ्या मामांइतका कणखर आणि तितकाच ठिसूळ माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांची हाडं जन्मतःच दगडासारखी घट्ट, आणि मोडायची मात्र काचेसारखी. एकदा बाजारात शिंकले तर बरगडी गेली. मेहुण्यांना कडकडून भेटले तर गळ्याचं हाड. सांगलीच्या डॉक्टरांनी हाडांचा क्ष-किरण फोटो काढून सांगितलं, की यांच्या हाडांत चुना फार साठलाय. तेव्हापासून मामा पानाला चुना लावीनात. तो फोटो त्यांनी देवांच्या तसबिरींशेजारी टांगला. येणाऱ्याला चहाआधी तो दाखवायचे. "बघा, कसं पांढरंफेक हाय! आमच्या घराण्यात पोकळ काय न्हाईच."

अंगात रग मात्र पैलवानाची. माझं लग्न ठरल्याची बातमी ऐकताच त्यांना आनंद आवरेना. भर ओट्यावर त्यांनी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला आणि मांडीचं हाड मोडलं! आमच्याकडे अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि मला मामा हे एकच. आई रडायला लागली. मामा पडल्या पडल्या म्हणाले, "रडती कशाला, आक्का? हुभा ऱ्हातो म्हंजे ऱ्हातो."

डॉक्टरांनी हाडाला पोलादी पट्टी बसवायची ठरवली. मामांना कंबरेखाली बधिर केलं होतं. तोंड शाबूत होतं. भोकं पाडायला घेतली तर गिरमिटाचं टोक मोडलं. दुसरंही मोडलं. लढाईचे दिवस, विलायती माल येईना. आता टोक उरलं होतं एकच. "हाड आहे का वाईचा दगडी घाट?" डॉक्टर वैतागून म्हणाले, तर मामांची छाती फुगली. "आवं, दमानं घ्या डाक्टर. मला घाई न्हाई, पोरीच्या मुहूर्ताला हाय." डॉक्टर टोक तापू नये म्हणून पाणी सोडत, थांबत थांबत गिरमिट फिरवत राहिले, आणि ते शेवटचं टोक टिकलं. पुढे कितीतरी दिवस मामा ही हकीकत कुस्ती मारल्यासारखी सांगत होते.

लग्नाला ते खुर्चीतून आले. हाड अजून सांधलं नव्हतं; पायावर भार द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पण अंतरपाट धरला तसे ते उठलेच, एका पायावर. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून कानाशी म्हणाले, "बाय, जरा घट्ट हुभी ऱ्हा. हालू नगंस." मंडपाला वाटलं, मामा भाचीच्या पाठीशी कसा खंबीर उभा आहे! खरं तर त्या दगडी हाडांचा सगळा भार माझ्यावर होता आणि मी थरथरत होते. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, तरी त्यांनी माझे खांदे सोडले नाहीत.

मामा जाऊन खूप वर्षं झाली. अजूनही कुणाच्या लग्नात अक्षता पडायला लागल्या, की मी नकळत पाय रोवून घट्ट उभी राहते. खांद्यांवर मात्र कुणी हात ठेवत नाही.