देवळातल्या पातेल्यावरचे आजोबा

खोडदच्या रेडिओ दुर्बिणींना आकाशाच्या पलीकडच्या टोकाची कुजबुज ऐकू येते म्हणतात. पण त्यांच्या शेजारीच कांदा लावणाऱ्या सोपानला आपला आजा कधी वारला, हे काही केल्या कळेना.

झालं असं, की चैत्रात सोपानचे वडील हौशीराम गेले. दहावं आटोपलं आणि सोपान मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे पोचला. त्याला सौरपंप हवा होता, आणि त्यासाठी सातबारा स्वतःच्या नावावर हवा होता. शेतीला लाईट यायची रात्रीची, उसात बिबट्या, आणि बॅटरी धरून बांधावर उभी राहायची ती द्रौपदा, त्याची बायको. यंदा तरी तिची त्यातनं सुटका करायची, असं त्यानं ठरवलं होतं.

तलाठ्यानं कागद उलटासुलटा केला. "सोपानराव, जमीन तुमच्या वडलांच्या नावावर नाहीच. भागू धोंडूंच्या आहे."

"ते आमचं आजोबा. ते कवाच गेलं, भाऊसाहेब."

"कवा?"

सोपान डोकं खाजवत घरी आला. पन्नास वर्षं सगळं गाव भागू गेला हे जाणून होतं, फक्त सरकारला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतीत नोंद नाही. शेजारचे सोमाजी म्हणाले, "धरणाचं काम निघालं तवा." कोणतं धरण, ते त्यांनाही आठवेना. डिंगोऱ्याला दिलेली आत्या बयाबाई म्हणाली, "दुस्काळात सुकडी खायच्या वर्षी. लई थंडी व्हती." सोपाननं वहीत 'थंडी' लिहून घेतलं आणि तो अधिकच गोंधळला.

मग एके दिवशी देवळातल्या जेवणावळीनंतर भांडी घासता घासता द्रौपदा ओरडली, "अवो, इकडं या! तुमचं आजोबा माज्या हातात हायेत!"

मोठ्या पातेल्याच्या काठावर कोरलं होतं : कै. भागू धोंडू यांचे स्मरणार्थ, १२-२-१९७४.

सोपाननं पातेलं पिकअपमध्ये घातलं, साक्षीला आत्याला घेतलं आणि जुन्नरची तहसील कचेरी गाठली. साहेब तारीख लिहिणार, तोच आत्या म्हणाली, "थांबा साहेब. पातेलं वर्षसराद्धाला दिलं. आमचा बाप त्याच्या आदल्या वर्षी गेला."

म्हणजे एक वर्ष वजा करायचं. पण तारखेनं की तिथीनं? साहेब पातेल्याकडे बघत राहिले, सोपान साहेबांकडे. शेवटी जुनं पंचांग धुंडाळलं, आत्यानं प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला, आणि दिवाळीच्या सुमारास भागू धोंडू सरकारदप्तरी वारले.

नवा सातबारा आला. सोपाननं वाचला, पुन्हा वाचला. वर सोपान, खाली बयाबाई.

"मुलगी वारस असते राव," तलाठी म्हणाला. "आता पंपाला त्यांची संमती लागंल."

आजोबा मेले हे सिद्ध करता करता सोपाननं स्वतःच्या हातानं भागीदार आणला होता. संमतीपत्र घेऊन तो डिंगोऱ्याला गेला, आणि चहा गार झाला तरी विषय काढेना.

"आत्या, ते... म्हंजी..."

"अरं, आण की तो कागद. द्रौपदानं बिबट्याफुडं उभं ऱ्हायाचं व्हय?" तिनं शाईत अंगठा बुडवून संमतीपत्रावर उठवला. सोपान सुटला, आणि उत्साहाच्या भरात म्हणाला, "मग हक्कसोडपत्राचंबी आत्ताच..."

"ते न्हाई." आत्यानं अंगठा पदराला पुसला. "पंप लाव, पीक खा. नाव मातर ऱ्हाऊ दे. अठ्ठ्याहत्तर वर्सांत पयल्यांदा कुटंतरी लागलंय."

सोपान जिंकला की हरला, हे त्याला एसटीत बसूनही कळलं नाही. अर्ज मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी भरला.