भावोजींचं फिनिशिंग

माझे भावोजी फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकतात. त्यात वाईट काही नाही. पण दिवसभर सोफे विकून माणूस घरी आला की माणसासारखा बसतो. हे उभे राहून भिंती न्याहाळतात. कुठे वायर लोंबतेय, कुठे खिळा दिसतोय, कुठे पोपडा सुटलाय. "फिनिशिंग नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघून आल्यावरही ते हेच म्हणाले होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इतक्या मनापासून पाळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. फ्रिजला कव्हर, रिमोटला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा. एवढं सगळं झाकून झाल्यावर त्यांना आपली आई दिसायला लागली. म्हातारीचा खोकला, तिची लोखंडी खाट, खाटेखालचं बोचकं, सगळंच हॉलमध्ये खटकायला लागलं. मग "आईला मोकळी हवा पाहिजे" असा शोध लागला आणि ताईच्या सासूबाईंची रवानगी बरोबर डोक्यावरच्या, गच्चीतल्या खोलीत झाली. ताई भांड भांड भांडली. पण भावोजींना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. गच्चीतल्या टाकीचा लोखंडी पाइप त्यांच्या खोलीतून खाली ताईच्या हॉलच्या कोपऱ्यात येतो आणि तिथून तळमजल्यावरच्या शिलाईवालीकडे उतरतो. त्या पाइपावर म्हातारी उलथन्यानं वाजवायची. एकदा टक म्हणजे उठले, दोनदा म्हणजे चहा आण, आणि थांबायचं नावच न घेणारी टकटक म्हणजे असशील तशी ये. मोबाईल दिला होता, पण त्यावरचे आकडे त्यांना दिसायचे नाहीत. पाइपाला चष्मा लागत नाही, असं त्या म्हणायच्या. टकटक झाली की ताई हातातलं टाकून जिना चढायची.

अशात शोरूमच्या मालकांनी दुसरं दुकान काढायचं ठरवलं. मॅनेजर कुणाला करायचं ते अजून ठरत नव्हतं. एक दिवस ते सहज म्हणाले, "तुमचं घर म्हणे फार छान आहे. चहाला येतो एकदा." झालं! भावोजींच्या अंगात आलं. हॉलला बदामी रंग लागला. पाइप घासला, प्रायमर मारला, वर भिंतीच्याच बदामी रंगाचे तीन हात दिले. तरी तो मेला पाइपच दिसत राहिला. दुसरं काय दिसणार? मग त्याच्याभोवती छतापासून जमिनीपर्यंत प्लायवूडचं खोकं उभं राहिलं, त्याला सागवानी दिसणारा सनमायका, मध्ये शेल्फ, शेल्फावर प्लॅस्टिकची वेल. तेवढ्यात वरून पाणी आलं आणि खोकं गुरगुरलं.

"साहेबांसमोर भिंत गुरगुरणार?" भावोजी घाबरेघुबरे झाले. पुढची फळी काढून त्यांनी पाइपाला सोफ्याचा फोम गुंडाळला, उरलेला आत ठासून भरला आणि फळी परत ठोकली.

"अहो, आईंची टकटक कशी ऐकू येणार?" ताईनं विचारलं.

"येते गं ऐकू. आणि एक दिवस नाही आली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

चहाच्या दिवशी ताईच्या मदतीला मी होते. मालक खोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "वा! खांब आहे का हा?" भावोजी लाजले. लाजले, खरंच सांगते! "डिझाइन आहे, सर."

मालकांच्या बायकोनं विचारलं, "तुमच्या आई असतात ना तुमच्याजवळ?"

"म्हणजे काय! आमच्याबरोबरच असतात. आत जरा पडल्यात."

आत हॉलमधून उचललेल्या पसाऱ्याचा ढीग पडला होता. ताई म्हणाली, "मी जरा वर जाऊन..." भावोजींनी डोळे वटारले. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. गळ्यात टेप तशीच ठेवून शिलाईवाली आत आली.

"अहो, केव्हाच्या आजी पाइप बडवतायत! कान आहेत का तुम्हाला? मला वाटलं, तुम्ही गेला असाल वर!"

ताईनं ट्रे तिथेच ठेवला आणि धावली. मी तिच्यामागे. जाता जाता भावोजींचा आवाज कानावर पडला. ते मालकांना अगदी थंडपणे सांगत होते, "वरच्या मजल्यावर एक आजी असतात, सर. शेजारी."

सासूबाई पाइपाशी पडल्या होत्या. पाय वेडावाकडा, हातात उलथनं, घसा बसलेला. ताईनं जिन्याच्या तोंडाशी येऊन सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा टाहो फोडला, "अहो, तुमच्या आईला उचलायला तरी या!"

आले. मालकही आले आणि त्यांच्याच गाडीतून म्हातारीला हॉस्पिटलात नेलं. मॅनेजर कोण झालं ते मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी ताईनं हातोडी घेऊन खोकं फोडायला काढलं, तर हा गृहस्थ म्हणतो, "निदान शेल्फ तरी राहू दे." असल्या माणसाबरोबर माझ्या बहिणीनं इतकी वर्षं काढली, याचं मला आजही नवल वाटतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी नर्सनं सासूबाईंना विचारलं, "आजी, रात्री-अपरात्री काही लागलं तर हाक ऐकायला घरात कोण आहे?"

"सून आहे. आणि खाली शिलाईवाली आहे," सासूबाई म्हणाल्या.

भावोजी पलंगाच्या पायथ्याशीच उभे होते, सफरचंदांची पिशवी घेऊन. "आई, मी आहे ना," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"असशील," त्या म्हणाल्या.