रिकामा मिक्सर लावणाऱ्या अक्का

अक्कांचा आवाज असा, की राजारामपुरीत त्यांनी खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली की पुढच्या चौकातली रिक्षा थांबायची. पण एखाद्या स्थळाबद्दल खासगी बोलायचं झालं, की आधी मिक्सर लावायच्या. रिकामाच! त्या घरघराटात मुलीच्या आईच्या कानाशी लागून जे बोलायच्या, ते भिंतीपलीकडे बसलेल्या मला कधी ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू, मी कान लावून पाहिला होता.

अक्कांचं घरातच वधू-वर सूचक केंद्र आणि शेजारी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कुणाचं पहिलं लग्न मोडलं, कुणाला फिट येते, कुणाचा खरा पगार किती, अशी अर्ध्या कोल्हापूरची गुपितं त्यांच्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये होती. एके दिवशी तो बंद पडला. मी कशाबशा फाइली वाचवल्या आणि म्हणालो, "अक्का, आता क्लाउडवर बॅकअप ठेवा. म्हणजे इंटरनेटवरनं, कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये."

"माझ्या पोरींची माहिती दुसऱ्याच्या घरात? डोकं फिरलंय व्हय रं तुझं?"

"कुलूप घालून ठेवतात, अक्का."

"आणि किल्ली कुणाकडं?"

आता आली का पंचाईत! मी दोन-तीन कंपन्यांची फुकटातली खाती उघडून दिली आणि अक्कांनी स्थळासारखी चौकशी आरंभली. हेल्पलाइनला फोन लावायचा आणि रडका आवाज काढायचा, "बाळा, पासवर्ड इसरलाय, तेवढं उघडून दे की."

"काळजी करू नका मॅडम, लगेच उघडून देतो."

"नापास!" अक्का फोन आपटायच्या. "मला उघडून देतोय, त्यो दुसऱ्यालाबी देणार."

शेवटच्या कंपनीत एक मुलगी होती. "सॉरी मॅडम, तुमची किल्ली आमच्याकडे नसतेच. तुमच्या फाइली आम्हालाही वाचता येत नाहीत." अक्का रडल्या, ओरडल्या, शेवटी डॉक्टर नवरा बघून देते म्हणाल्या. पोरगी हलेना. अक्कांचा चेहरा उजळला.

"पास! आणि पोरी, बोलण्यावरनं शिरोळकडची वाटतीस. लगीन झालंय?"

"सॉरी मॅडम, खासगी माहिती देता येत नाही."

"बघ, बघ!" अक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "पोरी, आई असंल की तुला? तिला माझा नंबर दे."

आईचा फोन रविवारी आला. थोड्याच दिवसांत ती पोरगी, वैशाली, अक्कांच्या घरी स्थळ बघायला हजर. डॉक्टर कुठला, मीच होतो! चहा झाल्यावर अक्का तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि मिक्सर सुरू झाला. बाहेर मला घाम फुटला. माझं काय म्हणून अक्कांना ठाऊक नव्हतं? जळका वास येईस्तोवर मिक्सर चालला. मग वैशाली तोंडावर पदर धरून हसत बाहेर आली आणि हो म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. भेटायला आलेली एक बाई मला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आमच्या पोरीचं ते... बाहेर जाणार न्हाय न्हवं?"

"पासवर्ड अक्कांबरोबर गेला, मावशी. कॉम्प्युटरवरचं त्यांनी कधीच पुसायला लावलं होतं, आणि कंपनीला तर उघडताच येत नाही."

त्या बाईनं डोळे मिटून हात जोडले. मला भडभडून आलं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण कुणाच्या पोरीबद्दल एक शब्द बाहेर सांडला नाही.

घरी आलो आणि न राहवून वैशालीला विचारलं, "आता तरी सांग. त्या दिवशी अक्का माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

वैशालीनं डोळे पुसले, ओट्यापाशी गेली आणि रिकामा मिक्सर लावला.