कोणती शिफ्ट

सेक्टर दोनमधले आमचे शेजारी कारखान्यातून रिटायर झाले. आता कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. बायको केव्हाच गेलेली. बाहेरगावाहून कोणी परतलं की हे फाटकातच गाठायचे. "तिकडं भाडं काय पडते? पाणी रोज येते का?" पुणं महाग ठरलं. नागपूरला मात्र ते स्वतः महिनाभर राहून आले.

"स्वस्त हाये. पाणीबी चांगलं," ते म्हणाले. "पण मले एकानंबी विचारलं नाही, आज कोणती शिफ्ट म्हणून."

आमच्या कॉलनीत भेटल्यावर तब्येतीच्या आधी शिफ्ट विचारतात.

पण परवडणारं नागपूरच होतं. ट्रकात त्यांची खाट चढली, तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं,

"काका, आज कोणती शिफ्ट?"

"फर्स्ट," त्यांनी घड्याळ बघून सांगितलं, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.